गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९ : आकाशात धावणारं कोळशाचं इंजिन (कुणी पाहिली आहे का ही मालिका?)

आउटर_सिग्नल (भुसावळ)

नमस्कार मंडळी. महिना झाला, आमच्या घरात एकच मालिका चालू आहे, आणि तिच्याविषयी बोलायला घराबाहेर कुणी सापडत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात अशी झाली. माझी लेक अकरावीत आहे. एप्रिलच्या एका दुपारी ती कूलरसमोर बसून मोबाइलवर काहीतरी जुनी जपानी कार्टून मालिका बघत होती. मालिकेत शिट्टी वाजली. आतल्या खोलीत खाटेवर पडलेले अण्णा उठून बसले आणि तिथूनच म्हणाले, "कोणतं इंजिन ते?" अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८०. १९६६ साली इथल्या लोकोत (रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये) क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. शेवटची कित्येक वर्षं विजेच्या इंजिनावर काढली, पण स्वप्नात अजून कोळसाच येतो असं सांगतात. ते इतक्या चटकन उठून बसलेले मी बऱ्याच दिवसांनी पाहिले.

त्या दिवसापासून रोज दोन भाग. खाली इंग्रजी अक्षरं येतात, लेक ती मराठीत वाचून दाखवते, अण्णा ऐकतात आणि इंजिन बघतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तेत्सुरो नावाचा गरीब पोरगा आहे. त्याच्या काळात श्रीमंत लोकांनी हाडामांसाचं शरीर टाकून यंत्राचं घेतलंय, म्हणजे हजार वर्षं जगता येतं. गरिबांकडे तेवढे पैसे नाहीत. काउंट मेका नावाचा यांत्रिक सरदार माणसांची शिकार करतो, त्यात तेत्सुरोची आई जाते. मग काळ्या कपड्यांतली मेटेल नावाची बाई त्याला भेटते आणि गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९ चा पास देते. गाडी देवयानी दीर्घिकेकडे जाते, तिथे यंत्राचं शरीर फुकट मिळतं म्हणे. वाटेत एकेका ग्रहावर थांबा.

आणि ही गाडी ओढतं कोण, तर वाफेचं इंजिन! बाहेरून सगळं जुनं, आतून संगणक. प्रवाशांना आपल्या जुन्या जगात असल्यासारखं वाटावं म्हणून मुद्दाम तसं रूप दिलेलं आहे.

अण्णांनी पहिल्याच दिवशी चाकं मोजली. "आपल्या डब्ल्यूपीला पुढे चार, मधे सहा, मागे दोन. हिला मागेपण चार आहेत." (डब्ल्यूपी म्हणजे आपल्याकडचं जुनं वाफेचं इंजिन.) मग विचारलं, "फूटप्लेटवर कोण आहे?" म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथे. लेक म्हणाली, कोणीच नाही, इंजिन स्वतःच चालतं, बोलतंसुद्धा. अण्णा गप्प झाले. रात्री जेवताना म्हणाले, "माणूस नसलेल्या इंजिनावर भरवसा कसा ठेवतात ते लोक?"

मला मालिका मनापासून आवडली आहे. पण जे वाटतं ते नीट मांडता येत नाही. तुम्ही कोणी पाहिली असेल तर लिहा. शेवट आम्ही अजून पाहिलेला नाही, तेवढा सांगू नका.


मेहरूण (जळगाव)

ताई, आपल्या भागात ९९९ बघणारं माझ्याशिवाय कोणी असेल असं वाटलं नव्हतं! कॉलेजात सगळे नव्या मालिका बघतात, हिचं नाव कुणाला माहीत नसतं.

थोडी माहिती. मूळ चित्रकथा लेइजी मात्सुमोतो यांची, १९७७ पासून. टीव्ही मालिका तोएई अॅनिमेशनची, सप्टेंबर १९७८ ते मार्च १९८१, एकूण ११३ भाग. १९७९ मध्ये वेगळा चित्रपट निघाला, दिग्दर्शक रिनतारो. तेत्सुरोचा आवाज मासाको नोझावा या बाईंचा आहे, पुढे 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा आवाज त्यांनीच दिला.

अण्णांसाठी: ते इंजिन जपानचं सी६२. खरं इंजिन आहे, १९४८-४९ मध्ये अशी ४९ बनली, जुन्या मालगाडीच्या इंजिनांचे बॉयलर वापरून. जपानची बरीचशी रेल्वे १०६७ मिमीच्या रुळावर चालते, आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ पुढे फारच अरुंद, आणि तेवढ्या रुळावर यातल्या एकाने १९५४ साली ताशी १२९ किमी वेग गाठला होता. एक क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

आता माझं मत. मालिकेपेक्षा चित्रपट सरस आहे. मालिकेत काउंट मेकाचा बदला पहिल्याच भागात संपतो. आईचा खुनी मेला, आता पुढचे ११२ भाग कशाच्या ओढीने बघायचे? चित्रपटात तो बदला पुढे ढकललाय, हेवी मेल्डर ग्रहावरच्या जंक्शनला तेत्सुरो त्याचा काळाचा किल्ला शोधतो, त्यामुळे गोष्टीला कणा आला. शिवाय चित्रपटातला तेत्सुरो मोठा आहे, पंधराच्या आसपास, त्याचे निर्णय त्याचे वाटतात. मालिकेत पोरगा दहा वर्षांचा, आणि दर भागात तेच: गाडी थांबली, तेत्सुरो उतरला, काहीतरी लफडं, कोणीतरी मेलं, गाडी सुटली. मधले चाळीसेक भाग मी पुढे ढकलत पाहिले.


पीजे_पॅसेंजर (पाचोरा)

मेहरूण, तू जे मधले भाग ढकललेस तिथेच मालिका आहे रे बाळा.

मी पाचोऱ्याचा. माझं सगळं शिक्षण पीजेवर झालं. जे बाहेरचे आहेत त्यांना सांगतो, पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळाची छोटी गाडी, ५६ किलोमीटर. मधे शेंदुर्णी, पहूर. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, आता तिथे ब्रॉडगेजचं काम आहे. त्या गाडीत रोज तेच घडायचं. गाडी थांबली, माणसं चढली, कुणाच्या हातात कोंबडी, कुणाच्या कडेवर तापलेलं पोर, पुढच्या स्टेशनला उतरून गेली. ती बाई कोण, ते पोर बरं झालं का, हे आपल्याला कधीच कळत नाही. गाडी सुटते. बदल्याची गोष्ट मोटारीवर बसून सांगता येते, घोड्यावर बसून सांगता येते. गाडीवरची गोष्ट अशीच असणार, तुटक.

९९९ चा नियम आठव. ज्या ग्रहावर गाडी थांबते, तिथला एक दिवस जेवढा, तेवढाच थांबा. वेळेत परत आला नाहीस तर गाडी तुझ्यासाठी थांबणार नाही. तो कंडक्टर, टोपीखाली नुसते डोळे दिसतात, बाकी शरीर दिसतच नाही, तो बिचारा हळवा आहे, तेत्सुरोला उशीर झाला की कासावीस होतो, पण वेळ बदलत नाही. मला तो माणूस फार आवडतो. असे गार्ड मी पाहिलेत. हिरवा झेंडा हातात, नजर मागे फाटकाकडे, कोणी पळत येतंय का. आणि तरी झेंडा हलवायचाच.


ध्रुवतारा (धुळे)

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. धाग्याचं नाव वाचून आधी वाटलं की यात आपल्याला काय बोलता येणार. पहिले सहा भाग आजच पाहून काढले.

आधी ज्या गोष्टी जमत नाहीत त्या सांगतो, कारण विद्यार्थी विचारतात. पोकळीत धूर असा मागे वाहत जाणार नाही, शिट्टी ऐकू येणार नाही. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. प्रकाशाच्या वेगाने निघालं तरी २५ लाख वर्षं. मालिका या हिशेबात पडतच नाही.

पण पीजे भाऊंनी जो नियम सांगितला, एका दिवसाच्या थांब्याचा, तो मला फारच आवडला. मी वहीत हिशेब मांडला. मंगळावर थांबा २४ तास ३९ मिनिटांचा, म्हणजे जवळपास आपल्यासारखाच. गुरूसारख्या ग्रहावर जेमतेम दहा तास, चहा घेऊन परत फिरा. टायटन हा शनीचा चंद्र, तो शनीभोवती आणि स्वतःभोवती एकाच वेळात फिरतो, त्यामुळे तिथे जवळजवळ १६ दिवस. प्लूटोवर सहा दिवसांहून थोडं जास्त. शुक्रावर गाडी थांबलीच तर सूर्योदय ते सूर्योदय ११७ दिवस मुक्काम! तिथे उतरलेला माणूस बिऱ्हाडच करेल. एका नियमात परिवलनाचा अख्खा धडा बसलाय. जूनमध्ये शाळा उघडली की आठवीला हेच गणित देणार आहे.

प्लूटोचा भाग पाहताना मात्र वही बाजूला ठेवली. तिथे बर्फाखाली माणसांची टाकून दिलेली शरीरं झोपवून ठेवलीत, आणि यांत्रिक झालेली एक बाई, शॅडो तिचं नाव, ती आपलं जुनं सुंदर शरीर सोडून जाऊ शकत नाही. रोज त्याच्यापाशी येते. तिला नवा चेहरा करून घेता आला असता, पण आपल्या पहिल्या चेहऱ्यासारखा दुसरा तिला पसंतच पडला नाही. मी तो भाग दोनदा पाहिला.


आउटर_सिग्नल (भुसावळ)

सगळ्यांचे आभार. सर, तुमचा हिशेब अण्णांना वाचून दाखवला. ११७ दिवसांवर म्हणाले, "रनिंग रूममधे एवढे दिवस कोण डबा देईल?" (रनिंग रूम म्हणजे बाहेरगावी ड्रायव्हर-गार्ड विश्रांती घेतात ती खोली.)

मेहरूण, तू दिलेली माहितीपण सांगितली. सी६२ मध्ये कोळसा टाकायला यांत्रिक स्टोकर होता असं लेकीने शोधून काढलं. अण्णा बराच वेळ आपले हात बघत बसले. उन्हाळ्यात ४५-४६ अंशांत, समोर उघडी भट्टी, आणि फावड्याने कोळसा पसरवायचा. नुसता ओतायचा नाही, कोपऱ्याकोपऱ्यात नेमका पडला पाहिजे, नाहीतर वाफ धरत नाही. अण्णा म्हणतात, आगीचा रंग बघून कळायचं कुठे भूक लागली आहे.

पण त्यांना यांत्रिक शरीराबद्दल काय वाटतं ते मी विचारलं तेव्हा उत्तर वेगळंच आलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील नको ते असलं शरीर. ते म्हणाले, "माझ्या कमरेला विचार. तिला पाहिजे." तेत्सुरोला यंत्राचं शरीर हवं आहे यात त्यांना काहीच चूक दिसत नाही. आई थंडीत, बर्फात मेलेली पोराने पाहिली, त्याने दुसरं काय मागायचं? मालिका हळूहळू आपल्याला "यंत्र वाईट, माणूस चांगला" असं सांगते तेव्हा अण्णा तिच्याशी भांडतात.


माहेरवाशीण (नाशिक, माहेर यावल)

माझं भांडण मेटेलवरून आहे. खूप जणांना ती आवडते. दिसायला सुंदर, शांत, सगळं माहीत असलेली. मला पहिल्या भागापासून तिचा राग येत होता. ती पोराला कुठे नेते आहे ते तिला माहीत आहे. पोर विचारतो, ती नजर खिडकीबाहेर वळवते. आईसारखा चेहरा घेऊन आलेली बाई पोराशी असं वागते?

(इथून रसभंगाचा इशारा. आउटर ताई, तुम्ही शेवट पाहिला नसेल तर हा प्रतिसाद सोडा.)

शेवटी कळतं की ज्या ठिकाणी यंत्राचं शरीर मिळतं तिथली राणी प्रोमेथियम ही मेटेलचीच आई. आईच्या हुकमावरून ती धडधाकट, जिद्दी पोरं निवडून आणते, त्यांचं शरीर नाही बनवत, त्यांना त्या यांत्रिक ग्रहाचा एक भाग बनवतात. तेत्सुरोचा स्क्रू होणार असतो. एक स्क्रू! आणि तरी मेटेलच्या गळ्यात वडिलांचा जीव लॉकेटमध्ये आहे, आणि ते दोघं मिळून तो ग्रहच मोडायच्या तयारीत आहेत.

हे कळल्यावर माझा राग गेला नाही, त्याची जागा बदलली. आईचं ऐकायचं आणि आईला मोडायचं, दोन्ही एकाच मुलीच्या अंगावर. ती वर्षानुवर्षं येरझारा घालते, एकेक पोर घेऊन. सासर-माहेर यांच्यामध्ये आपल्याकडच्या किती बायकांनी अशा येरझारा घातल्या, दोन्हीकडे खरं सांगता येत नाही, दोन्हीकडची गाठोडी डोक्यावर. मेटेलचा चेहरा एवढा शांत का, ते मला तेव्हा कळलं. थकलेली आहे ती.

आणि काचेची क्लेअर. डायनिंग कारमध्ये काम करणारी मुलगी. तिच्या आईच्या हौसेपायी तिचं शरीर पारदर्शक काचेचं करून घेतलं, आणि ती बिचारी पैसे साठवते आहे, कशासाठी तर आपलं जुनं हाडामांसाचं शरीर परत मिळावं म्हणून. तेत्सुरोच्या बरोबर उलट. तिचे तुकडे होतात तेव्हा मी मोबाइल उलटा ठेवून ओट्याशी जाऊन उभी राहिले.


तापीकाठ (मूळ शिरपूर, सध्या सुरत)

मी इथे फार लिहीत नाही, नुसता वाचतो. आज राहवलं नाही. मालिका पाहिली नव्हती, धागा वाचून रविवारच्या सुट्टीत तो १९७९ चा चित्रपट पाहिला.

शिरपूरला रेल्वे नाही. दहावीनंतर मी नरडाण्याला गाडी पकडली आणि उधन्याला उतरलो. आमच्या डब्यात सगळी आपलीच पोरं, दोंडाईचा, शिंदखेडा, नंदुरबारकडची. प्रत्येकाच्या डोक्यात तेच, जे तेत्सुरोच्या डोक्यात आहे. तिथे गेलं की नवं काहीतरी होईल आपलं. मला गाडीत बसवायला मना मामा उना व्हता (माझा मामा आला होता). त्याच्या ओळखीने लूमच्या (यंत्रमागाच्या) खात्यात लागलो. बारा तासांची पाळी. तार तुटली की जोडायची, बॉबिन संपलं की बदलायचं. आवाज एवढा की पहिल्या वर्षी रात्री झोपेतपण कानात चालूच.

चित्रपटात जेव्हा सांगतात ना, की तुझा स्क्रू होणार आहे, तेव्हा मी तिथेच थांबवला. बाहेर गॅलरीत गेलो. मना डोयामा पानी उनं भाऊ. कारण सेठ वाईट नव्हता, मामा खोटं बोलला नव्हता, कोणीच मला फसवलं नव्हतं. तरी मी काय झालो होतो ते त्या एका शब्दात होतं. यंत्राला मी लागतो, पण माझ्या जागी दुसरा आला तरी यंत्र तसंच चालतं.

आज माझं बरं आहे. आता चार मशिनं दुसऱ्याच्या जागेत स्वतःची चालवतो. पोरगी इंग्रजी शाळेत जाते. म्हणजे अण्णा म्हणतात तेपण खरं, तेत्सुरोने गाडीत चढायलाच नको होतं असं मी म्हणणार नाही. शिरपूरला राहून मी काय केलं असतं? पण गाडीत बसवणाऱ्याने पोराला खरं सांगावं. माहेरवाशीण ताईंचा मेटेलवरचा राग मला पटतो. ती थकली असेल, पण मामापण थकलेलाच होता.


मेहरूण (जळगाव)

तापीकाठ भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

एक सांगायचं राहिलं होतं. तेत्सुरो या नावातलं "तेत्सु" म्हणजे लोखंड. जपानीत रेल्वेला "तेत्सुदो" म्हणतात, लोखंडाची वाट, अगदी आपला लोहमार्ग. पोराच्या नावातच लोखंड आहे आणि त्याला लोखंडाचं व्हायचं आहे.

मात्सुमोतोंविषयीही वाचलं. क्यूशूमधल्या कोकुरा गावी वाढले. चित्रकार व्हायचं म्हणून १९५७ च्या सुमारास, खिशात फारसं काही नसताना, वाफेच्या गाडीने तोक्योला गेले. म्हणजे ही गाडी त्यांची स्वतःची आहे, तुमच्या नरडाण्याच्या गाडीसारखी. ते २०२३ च्या फेब्रुवारीत वारले, वय ८५.

आणि एक तारीख. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेची वाफेची शेवटची नियमित प्रवासी गाडी डिसेंबर १९७५ मध्ये धावली. चित्रकथा सुरू झाली १९७७ च्या जानेवारीत. खरी इंजिनं बंद पडली, त्यानंतर जेमतेम वर्षभराने त्यांनी एक आकाशात चढवलं. मी मधले चाळीस भाग परत बघायला घेतले आहेत, न ढकलता.


पीजे_पॅसेंजर (पाचोरा)

शाब्बास. पीजे बंद झाली तेव्हा आम्ही मोबाइलवर तिचा एक व्हिडिओपण नीट काढलेला नव्हता. उद्या परवा असेलच म्हणून.

मेहरूण, चित्रपटाच्या बाजूने तू जे म्हणालास त्यात एक गोष्ट मी मान्य करतो. टायटनवरची ती म्हातारी. स्वतःच्या मुलाची बंदूक आणि टोपी तेत्सुरोला देते. तो प्रसंग चित्रपटात जास्त चांगला उतरला आहे. मुलगा परत येईल की नाही ते तिला माहीत नाही, आणि घरात त्याच्या वस्तू आहेत. परक्या पोराच्या डोक्यावर ती टोपी घालते. माझ्या आजीने असंच काकाचं घड्याळ एका पाहुण्या पोराला दिलं होतं. घरात त्यावरून खूप बोलणी झाली. आजी एकच म्हणाली, पडून बंद पडण्यापेक्षा कुणाच्या हातावर चालू दे.


ध्रुवतारा (धुळे)

सध्या वैशाखात देवयानी दीर्घिका संध्याकाळी दिसणार नाही, पहाटे दिसेल. पण दसऱ्यानंतर, अमावस्येच्या आसपास, ज्यांना जमेल त्यांनी तोरणमाळला या. यशवंत तलावाच्या बाजूला गावाचे दिवे मागे टाकून उभं राहायचं. आधी उत्तरेला शर्मिष्ठेचा इंग्रजी एम शोधायचा. त्याच्या टोकदार कोनाच्या दिशेने पुढे गेलं की एक अंधुक, कापसाच्या पेळूसारखा ठिपका दिसतो. दुर्बिणीशिवाय. थेट बघण्यापेक्षा जरा बाजूला नजर ठेवली तर जास्त स्पष्ट. ९९९ चं शेवटचं स्टेशन त्याच दीर्घिकेत आहे. मी दरवर्षी पोरांना घेऊन जातो, या वर्षी त्यांना ही गाडीपण सांगणार.

तापीकाठ, तुमच्या मुलीलाही आणा. सुरतेच्या उजेडात तिला तो ठिपका कधी दिसला नसेल.


तापीकाठ (मूळ शिरपूर, सध्या सुरत)

सर, दिवाळीत गावी येतोच. नक्की येतो. तिने अजून तोरणमाळ पाहिलेलं नाही.


माहेरवाशीण (नाशिक, माहेर यावल)

तापीकाठ भाऊ, "मामापण थकलेलाच होता" हे वाक्य आठवडाभर डोक्यात आहे. मी मेटेलला फार लवकर माफ केलं का, असा विचार करते आहे. पण मग ती जे करते शेवटी, आईच्या विरोधात उभी राहते, ते मामाने केलं का? किती जण करतात? मला वाटतं, खोटं बोलल्याचा दोष तिच्यावर राहतोच, आणि तरी तिच्याशिवाय कोणी तो ग्रह मोडला नसता. दोन्ही एकाच बाईचं आहे. मी एवढ्यावर येऊन थांबले आहे.


आउटर_सिग्नल (भुसावळ)

मंडळी, काल रात्री आम्ही शेवट पाहिला. मेहरूणच्या सांगण्यावरून आधी चित्रपटाचा, मालिकेचे भाग चालूच राहतील.

माहेरवाशीण ताई, तुमचा प्रतिसाद आता वाचला. अण्णांना प्रोमेथियमचं फार काही वाटलं नाही. आमचं सगळं घर थांबलं ते स्टेशनवर. मेगालोपोलिसच्या फलाटावर मेटेल तेत्सुरोचा निरोप घेते. ९९९ उभी आहे. ती गाडीत चढते. तो खालीच. शिट्टी होते, गाडी हलते, आणि तो पोरगा धावायला लागतो. खिडकीबरोबर, मग डब्याबरोबर, मग नुसताच.

माझी लेक रडत होती, मीही. मला माझी आई आठवत होती. अण्णा ड्यूटीवर जायचे तेव्हा ती कधी स्टेशनवर यायची नाही. रात्री-बेरात्री कॉलबॉय येऊन कडी वाजवायचा, अण्णा सही करायचे, आई उठून डबा भरायची, आणि अण्णा लाइनबॉक्स घेऊन अंधारात निघायचे. आई दारातसुद्धा उभी राहायची नाही. मी लहानपणी विचारलं होतं, का गं? म्हणाली, दारात उभं राहिलं की वाट बघणं तिथूनच सुरू होतं. ती गेली त्याला या श्रावणात सात वर्षं होतील. तिने ही गाडी पाहिली असती तर ती काय म्हणाली असती ते मला सांगता येत नाही, पण मेटेलकडे तिने लक्ष दिलं असतं, तेत्सुरोकडे नाही, एवढं नक्की.

अण्णा मात्र रडत नव्हते. पुढे सरकून पडद्याकडे बघत होते. तेत्सुरो धावत धावत पुढे निघालेला, गाडी सुटलेली, आणि अण्णा एकदम लेकीला म्हणाले, "त्याला थांबव गं. पुढे फलाट संपतो. टोकाला उतार असतो, पोरगा पडेल."

लेकीने सांगितलं, आजोबा, पडत नाही तो. अण्णांनी ते परत लावायला लावलं. दुसऱ्या वेळी नीट पाहिलं, आणि मग मागे टेकून बसले.

सर, दसऱ्यानंतर आम्ही तिघं तोरणमाळला येतो आहोत. अण्णांना गाडीतून उतरून किती चालावं लागेल, तेवढं कळवा.


ध्रुवतारा (धुळे)

अजिबात नाही चालावं लागणार, ताई. गाडी तलावाच्या कडेपर्यंत येते. अण्णांसाठी खुर्ची मी आणतो. कार्तिकात रात्री नऊच्या सुमारास देवयानी डोक्यावरून थोडी उत्तरेला असते, तेव्हा मान टेकवता येईल अशी आणतो. थंडी असते वर, कानटोपी घ्या.